घरच्या करवतीला स्टार्टर कशाला, असं विचारणाऱ्यांना

घरातल्या छोट्या वर्कशॉपबद्दल एक मत आजकाल इतक्या आत्मविश्वासाने मांडलं जातं की त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. मत असं : कारखान्याचे नियम कारखान्यात ठेवा. पडवीत, गॅरेजात किंवा बाल्कनीत एखादा माणूस सुट्टीच्या दिवशी दोन फळ्या कापणार, चार भोकं पाडणार. त्याच्यामागे स्टार्टर, वेगळी लाइन, ईएलसीबी, लाल बटण हे सगळं लावणं म्हणजे उगाच बाऊ. बोर्डावर पॉवर पॉइंट आहे, मेनला एमसीबी आहे, मशिनला स्वतःचा स्विच आहे. आणखी काय पाहिजे?

असं म्हणणारे अडाणी नसतात. निवृत्त इंजिनियर, आयुष्यभर रंधा चालवलेले सुतार, स्वतःच्या घराचं वायरिंग स्वतः केलेले हौशी लोक हे बोलतात. त्यांच्या हातात कसब असतं, म्हणून नवशिके त्यांचं ऐकतात. आणि म्हणूनच त्यांचा एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला मुद्दा घर आणि कारखाना यांतल्या फरकाचा. फरक आहेच, पण तो नेमका उलट्या बाजूने बोलतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं २४वं कलम वाचा. चालत्या यंत्राची वीज आणीबाणीत तोडता येईल अशी सोय प्रत्येक कामाच्या खोलीत हवी, आणि वीज तोडणारं साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकत असेल तर ते सुरक्षित स्थितीत अडकवून ठेवण्याची व्यवस्था हवी, असं त्यात होतं. हे ज्या जागेसाठी लिहिलं, तिथे तपासायला निरीक्षक येऊ शकतो, देखभालीला इलेक्ट्रिशियन असतो आणि किंकाळी ऐकून धावणारे चार सहकारी असतात. घरच्या वर्कशॉपात माणूस एकटा असतो. दार बंद असतं, कारण भुसा घरात जाऊ नये. मशिनच्या आवाजात घरच्यांना काही ऐकू जात नाही. काम चालतं ते रात्री जेवणानंतर, दिवसभराच्या नोकरीने थकलेल्या हातांनी. खोलीत मुलं येतात. कायद्याची सक्ती घराला नाही, हे मान्य. पण ज्या धोक्यामुळे तो कायदा लागला, तो धोका उंबऱ्याबाहेर थांबत नाही.

आता प्रत्यक्ष मशिनकडे येऊ. आपल्याकडे हौशी सुतारकामातलं सर्वांत लाडकं यंत्र म्हणजे मार्बल कटर. फरशी कापायचं हे चार इंची यंत्र स्वस्त मिळतं, कुठेही मिळतं. लोक त्याला लाकडाचं दातेरी पातं लावतात, प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटं बोल्ट करतात, आणि वर आलेल्या अर्ध्या पात्यावर फळ्या कापतात. झाली घरची टेबल करवत. या रचनेला गार्ड नसतो, कापलेल्या फळीची चीर पात्यावर मिटू नये म्हणून मागे लागणारी पट्टीही नसते. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे, इथे मी फक्त विजेबद्दल बोलतो. हे यंत्र मुळात हातात धरण्यासाठी बनवलं आहे. त्याचा खटका बोटाखाली असतो आणि बोट सुटलं की यंत्र थांबतं. लांब कापासाठी खटका अडकवून ठेवायचं एक छोटं बटण शेजारी असतं. टेबलाखाली यंत्र बसवणारा पहिलं काम काय करतो, तर तो खटका कायमचा अडकवून टाकतो, बटणाने नाहीतर केबल टायने. बोट सुटल्यावर थांबण्याचा जो गुण यंत्राच्या अंगात होता, तो त्या क्षणी संपतो. यापुढे करवत चालू-बंद करणारा एकच स्विच उरतो : भिंतीवरच्या बोर्डाचा. आणि तो बहुतेक वेळा पात्याच्या पलीकडे, हात लांबवून गाठावा लागतो.

अशा करवतीवर फळी अडकली आहे आणि तेवढ्यात लाइट गेली, असं समजा. महाराष्ट्रात हे समजायला कल्पनाशक्ती लागत नाही. पावसाळ्यात फांदी तारेवर घासली तरी लाइट जाते. काही वेळा पाच सेकंदांत परत येते, काही वेळा पाच तासांनी. पातं थांबलं. माणसाने काय करावं? त्याची पहिली ओढ फळी सोडवण्याकडे असते. तो वाकतो, दोन्ही हातांनी फळी हलवतो, पात्यात अडकलेली ढलपी बोटाने काढतो. स्विच ‘चालू’च आहे, कारण स्विच बंद झाला म्हणून मशिन थांबलं नव्हतं. पाचव्या सेकंदाला लाइट येते. ११० मिलिमीटरचं पातं मिनिटाला १२,००० फेरे घेऊ लागतं, म्हणजे त्याच्या दाताची टोकं ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात. हा वेग गाठायला अशा ब्रशच्या मोटरला फार वेळ लागत नाही.

‘लाइट गेली की मी आधी स्विच बंद करतोच,’ असं यावर उत्तर येतं. ते म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, तो बहुतेक वेळा करतही असेल. पण लाइट गेली की अंधार होतो, आणि अंधारात माणूस आधी मोबाइलचा टॉर्च शोधतो. शिवाय लाइट जाण्याची कारणं अनेक असतात. मेनचा एमसीबी पडतो आणि आतून घरातलं कोणी तरी तो सहज वर करतं. तिला किंवा त्याला गॅरेजात कोणाचा हात कुठे आहे हे ठाऊक नसतं. सैल सॉकेटमध्ये पिन टॉप हलतो, मशिन बंद पडतं, आपण वायर हलवून पाहतो आणि ते चालू होतं. लाइट नसताना दुपारी मशिन तसंच सोडून माणूस बाजारात जातो, संध्याकाळी लाइट येते तेव्हा गॅरेजात सातवीतला मुलगा सायकल काढत असतो. प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, थकलेल्या अवस्थेतही आठवलंच पाहिजे, अशा सवयीवर बोटं सोपवणं मला मंजूर नाही.

आणि या दुखण्यावरचा इलाज आपल्या गावागावांत पंपाजवळ टांगलेला आहे. शेतीपंपाचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, तिचा चुंबक होतो, तो काँटॅक्ट ओढून धरतो आणि मोटर सुरू होते. बटणावरचं बोट काढलं तरी काँटॅक्टची एक जास्तीची जोडी कॉइलला वीज पुरवत राहते. लाइट गेली की चुंबक मरतो, स्प्रिंग काँटॅक्ट उघडते. लाइट परत आली तरी काही होत नाही. कोणी तरी येऊन हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर गप्प राहते. यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, नाजूक काही नाही. त्याच पेटीतला ओव्हरलोड रिले मोटर अडकून तापू लागली की लाइन तोडतो, तो फायदा वेगळाच. एका फेजच्या छोट्या मशिनसाठी हेच काम करणारे हिरव्या-लाल बटणांचे छोटे नो-व्होल्ट स्विचही मिळतात.

शेतकऱ्याने या स्टार्टरला पुढे ऑटो स्विच जोडला, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्याची अडचण खरी होती. रात्रीच्या पाळीत लाइट आली की अंधारात, साप-विंचवांतून विहिरीपर्यंत जावं लागू नये म्हणून लाइट आल्यावर पंप आपोआप सुरू व्हावा, अशी ती सोय. तिची किंमत डीपीने मोजली : लाइट येताच सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा असं सांगत आलं. तरी विहिरीतल्या पंपाजवळ कोणाचे हात नसतात, एवढा तरी दिलासा तिथे आहे. घरच्या करवतीला साध्या बोर्डाच्या स्विचवर चालवणारा माणूस नेमका तोच ऑटो स्विच आपल्या बोटांपाशी बसवत असतो. शेतकऱ्याला त्यासाठी खास वस्तू विकत घ्यावी लागली, आपण ती विनासायास, न कळत तयार करतो.

दुसरा मोठा मुद्दा एमसीबीचा. ‘एमसीबी आहे, शॉक लागला तर पडेल,’ हे वाक्य मी इंजिनियरांच्या तोंडूनही ऐकलं आहे, आणि ते सरळ चूक आहे. एमसीबी वायरीचं रक्षण करतो. पॉवर लाइनला बहुधा १६ अँपिअरचा, सी प्रकारचा एमसीबी असतो. तो तत्काळ पडायला त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर वाहायला हवेत. घामेजलेल्या हाताने, ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध हजारएक ओहमवर येऊ शकतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागा : ०.२३ अँपिअर. हृदयाची लय बिघडवायला हा करंट पुरेसा आहे, आणि एमसीबीच्या दृष्टीने तो एखाद्या छोट्या दिव्याइतका आहे. माणूस चिकटून राहील आणि एमसीबी शांतपणे वरच राहील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या प्रयोगांत चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं होतं की हातात धरलेली तार कोणत्या करंटपर्यंत सोडता येते. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची त्याहून कमी. म्हणजे एमसीबीला जाग येण्याच्या कित्येक हजार पट आधी माणसाचे स्नायू त्याच्या ताब्यातून गेलेले असतात. याच डॅल्झिएल यांनी १९६१मध्ये गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारं उपकरण तयार केलं.

‘मग अर्थिंग आहे ना?’ अर्थिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते एकटं किती करतं ते मोजून पाहू. गावातल्या घरात अर्थिंग म्हणजे अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप. जमीन ओली असताना ठीक, मे महिन्यात कोरडी पडली की त्याचा विरोध वाढतो. तो आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंतची परतीची वाट मिळून १० ओहम धरा. मशिनच्या लोखंडी अंगाला फेज लागली तर २३ अँपिअर जमिनीत जातील. १६च्या एमसीबीसाठी हा आकडा जेमतेम दीडपटीजवळचा आहे, आणि एवढ्यावर पडायला त्याला तासभरही लागू शकतो. प्रमाणच तसं आहे, एमसीबी सदोष नाही. त्या तासभरात मशिनचं अंग धोकादायक व्होल्टेजवर राहतं. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो, लावला तर तोच दोष पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतो का, एवढंच तो पाहत असतो. कमी आला तर कुठे तरी गळतो आहे. ३० मिलिअँपिअरवर ०.३ सेकंदाच्या आत आणि १५०च्या वर ०.०४ सेकंदात त्याने तोडलंच पाहिजे. वर काढलेला ०.२३ अँपिअरचा शॉक या दुसऱ्या गटात येतो. शॉक जाणवेल, जोरात जाणवेल, पण हात सुटेल.

इथे मला सर्वांत चीड आणणाऱ्या सल्ल्याकडे यायचं आहे : ‘ईएलसीबी सारखा ट्रिप होतो, काढून टाक, डायरेक्ट करून घे.’ कोकणात तर पावसाळा सुरू झाला की हा सल्ला घरोघर फिरतो. सारखा ट्रिप होणारा आरसीसीबी बहुतेक वेळा खरं बोलत असतो. जुन्या बेंच ग्राइंडरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरलेली असते. ड्रिलच्या आत भुसा आणि ब्रशचा कोळसा मिळून करंटला वाट करून देतात. नाही तर वायरमनने दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र जोडलेले असतात, किंवा इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला मिळालेला असतो, मग एका वाटेने गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परततो आणि हिशोब जुळत नाही. ही सगळी कारणं शोधता येतात. एकेक मशिनची पिन काढायची, ज्याने ट्रिप थांबतो ते बाजूला ठेवायचं आणि मेगर असलेल्या माणसाकडून ५०० व्होल्टवर त्याचं इन्सुलेशन मोजून घ्यायचं. एक मेगाओहमच्या खाली गेलेलं मशिन दुरुस्तीला जातं. कुठलंच मशिन जोडलेलं नसताना ट्रिप होत असेल तर दोष वायरिंगचा, मग परवानाधारक वायरमन बोलवा आणि न्यूट्रल सुटे करून घ्या. याला एक दुपार जाईल. जो वायरमन ही दुपार द्यायला तयार नसतो आणि दहा मिनिटांत ‘डायरेक्ट’ करून पैसे घेतो, त्याला पुन्हा घरात घेऊ नये.

‘आमचं मशिन डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंग लागतच नाही,’ हा मुद्दा अर्धा खरा आहे. चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेल्या यंत्राला दोनच तारा असतात आणि तो दोष नाही. पण उलटा बसवताना त्याच कटरच्या कवचात तुम्ही ड्रिलने भोकं पाडली, लोखंडी बोल्ट आत घातले, ते बोल्ट लोखंडी फ्रेमला आवळले, तेव्हा बनवणाऱ्याने दिलेलं दुहेरी कवच तुम्हीच तोडलं. आता ती फ्रेम अर्थ करायलाच हवी. आणि इन्सुलेशन कितीही पक्कं असलं तरी चालत्या पात्याखाली स्वतःचीच वायर आली तर ती कापली जाणार आहे. रबरी चपलेवर विसंबणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे : चप्पल पायाला असते, तुमचा दुसरा हात लोखंडी टेबलावर किंवा ओल्या भिंतीवर असतो.

वायरीबद्दल थोडक्यात. दोन हॉर्सपॉवरची मोटर चालताना १० ते १२ अँपिअर घेते, तिला ६ अँपिअरचं सॉकेट चालत नाही. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट, त्यात मोठा मार्बल कटरही मावत नाही. मेनपासून स्वतंत्र, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला जाड तीन पिनांचा टॉप, एवढं किमान. एक्स्टेन्शन बोर्डाचं गणित मात्र करून पाहण्यासारखं आहे. ०.७५ स्क्वेअर एमएमची २० मीटर वायर, जाऊन-येऊन ४० मीटर तांबं : विरोध सुमारे एक ओहम. १० अँपिअरवर १० व्होल्ट वाटेत जातात, ते चालून जाईल. पण सुरू होताना मोटर ५० अँपिअर मागते, तेव्हा ५० व्होल्ट जातात, मोटरला १८० उरतात आणि तिची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटत साठ टक्क्यांवर येते. मोटर गुरगुरते, उठत नाही, तापते. लोक म्हणतात मोटर खराब निघाली. त्यात वायर गुंडाळी करून ठेवलेली असेल तर तिची उष्णता बाहेरही पडत नाही. पिन टॉपऐवजी उघड्या तारा काडेपेटीच्या काडीने सॉकेटात खोचणाऱ्यांबद्दल, किंवा तीन पिनांच्या टॉपला दोनच तारा जोडून मोठी पिन शोभेला ठेवणाऱ्यांबद्दल काही समजावून सांगण्यासारखं उरलेलं नाही. ते बंद करा.

स्विचचंही तसंच. घरातल्या ६ अँपिअरच्या स्विचने मोटरची लाइन तोडली की काँटॅक्टमध्ये ठिणगी उडते. रोज उडाली की काँटॅक्ट जळतात आणि कधी तरी चिकटतात. मग तुम्ही स्विच बंद करता आणि करवत चालूच राहते. शिवाय हा स्विच एकच तार तोडतो. बोर्डात फेज-न्यूट्रल उलट जोडले असतील तर स्विच बंद असूनही मशिनच्या आत फेज जिवंत असते. म्हणून पातं बदलताना बंद केलेल्या स्विचवर भरवसा ठेवायचा नाही, पिन काढून ती समोर दिसेल अशी ठेवायची. आणि थांबवायचं बटण मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा जागी, मोठं, लाल, दाबल्यावर अडकून राहणारं. दोन्ही हात फळीवर असताना वापरता येत नाही ते बटण काय कामाचं?

शेवटी राहतो तो अनुभवाचा दाखला. ‘आमच्याकडे वीस वर्षं असंच चालतं, काही झालं नाही.’ ज्यांचं झालं ते हे वाक्य म्हणत नाहीत, त्यामुळे ते आपल्या कानावर येत नाही. कुठल्याही जुन्या सॉ मिलमध्ये जाऊन कारागिरांचे हात पाहा. आणि खर्च म्हणाल तर छोटा नो-व्होल्ट स्विच किंवा साधा स्टार्टर एक-दोन चांगल्या कार्बाइड पात्यांच्या पैशात येतो. मशिनवर, लाकडावर, क्लॅम्पवर हौसेने खर्च करणाऱ्या माणसाला एवढं परवडत नाही, हे मला पटत नाही.

या साधनांच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्या लपवल्या की विरोधकाला आयतं निमित्त मिळतं. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि पायाखाली कोरडं लाकूड असलं, तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, कारण गेलेला करंट पुरता परत येतो. तो जादा लोड ओळखत नाही, त्यासाठी सोबत एमसीबी लागतोच. स्टार्टर फिरतं पातं क्षणात थांबवत नाही. आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का हे पाहिलं नाही, तर वर्षानुवर्षं एकाच जागी बसून त्याची यंत्रणा अडकू शकते. प्रत्येक साधनाचं काम ठरलेलं आहे, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, आणि ‘एक आहे ना, मग दुसरं कशाला’ हा युक्तिवाद तिथेच कोसळतो.

एवढं वाचूनही ज्यांना हा बाऊ वाटतो, त्यांनी आज संध्याकाळी एक गोष्ट करावी. पिन काढून मशिनचं पातं किंवा चाक उतरवावं. पिन परत लावून मशिन रिकामं चालू करावं आणि कोणाला तरी त्या लाइनचा एमसीबी खाली करायला सांगावं. मशिन पूर्ण थांबू द्यावं, स्विचला हात न लावता बाजूला उभं राहावं आणि एमसीबी वर करायला सांगावं. मशिन आपोआप फिरू लागलं, तर पिन काढून घ्यावी आणि स्टार्टर बसेपर्यंत ती परत लावू नये.